नाव घेणारी

हर्सूलच्या त्या घरात चूल एकच होती आणि ती शीलाची होती. मुलगा अंगद शीलाचा, सून शीलाची, नातू शीलाच्या मांडीवर. मेल्या शेळ्यासुद्धा शीलाच्याच हाकेला यायच्या. बानाबाईच्या वाट्याला उरली होती फक्त विधवेची पेन्शन. पण ती पेन्शन साधीसुधी नव्हती. सरकारदरबारी मुंजाबाची बायको म्हणून एकच बाई होती, ती बानाबाई. शीला तिथं कुणीच नव्हती.

बानाबाईला मूल होईना म्हणून मुंजाबानं शीलाला अजिंठ्याकडून आणली. देवळात हार घातले, चार पाहुणे जेवले, झालं लग्न. कागदावर ते कधी चढलंच नाही. शीलाचं आधार कार्ड अजून माहेरच्या नावाचं. बानाबाईला या गोष्टीचं जेवढं सुख होतं, तेवढं तिला चारधामातसुद्धा मिळालं नसतं.

आणि नेमकं जुनी पेन्शन बंद होऊन सगळ्या विधवांना नव्या योजनेत जायचंय, असं कानावर आलं. पैशाचं बानाबाईला एवढं नव्हतं, अंगद जेवायला घालत होता. पण नवी नोंद म्हणजे नवी विचारपूस. त्या विचारपुशीत ही बया घुसली म्हणजे?

बायांना मदत व्हावी म्हणून महापालिकेनं क्रांती चौकाच्या बाजूला एका वॉर्ड ऑफिसात शिबिर लावलं होतं. अंगदला कंपनीतून सुट्टी मिळेना, त्यामुळं बानाबाईला घेऊन जायचं काम शीलावर आलं. रिक्षात दोघी दोन टोकांना बसल्या. मध्ये तिसरी सवत मावली असती.

"आक्का, पाणी पिता का?" शीलानं विचारलं.

"तहान लागली तर मागीन. मुकी नाय मी."

शीला गप्प बसली. तिचं हे गप्प बसणंच बानाबाईला जास्त झोंबायचं. भांडली असती तर दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

शिबिरात करुणा नावाची महापालिकेची मुलगी एकेका बाईला समोर बसवून सगळं करून देत होती. अंगठा घ्यायची, बँकेचं बघायची आणि शेवटी मोबाइल समोर धरून म्हणायची, "आता बोला, माझं नाव अमुक, माझे पती कैलासवासी तमुक." भलत्याच्या नावावर भलताच पैसे उचलतो, म्हणून बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नवा नियम होता.

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्या पिढीच्या हाडात मुरलेलं. रांगेतल्या काही जणींनी पदराआड तोंड करून उरकलं. एक जण तर म्हणाली, "घेते बाई, ते काय आता ऐकायला येत्यात?" आणि सगळ्या हसल्या. बानाबाई हसली नाही. तिनं उभ्या जन्मात ते नाव जिभेवर आणलं नव्हतं. बाकीच्या बाया नवऱ्याला लेकराचा बाप म्हणतात. पण 'अंगदचे बाप' म्हणायचं तर त्यात शीला आलीच, म्हणून ती 'घरधनी' म्हणायची. शीलाच्या तोंडी मात्र कायम 'अंगदचे बाप'. चुकून तरी नाव घेईल आणि आपल्याला सापडेल, म्हणून बानाबाईनं वर्षानुवर्षं कान लावले होते. कधी सापडली नाही.

"बोला आजी, पतीचं नाव?" करुणानं मोबाइल धरला.

"कागदावर हाय की."

"कागद नाही चालत, तोंडानं लागतं. उखाण्यात घ्या हवं तर."

"रांडमुंड बाईनं कसला उखाणा घ्यावा, पोरी?"

करुणा ओशाळली. तिनं पुन्हा समजावलं, थांबली, पाणी दिलं. बानाबाईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मागून बायांची कुरकुर सुरू झाली. शेवटी करुणा म्हणाली, "घरातलं नसलेलं, पण ओळखीचं कुणी आहे का बरोबर? साक्षीदार म्हणून त्यांनी सांगितलं तरी चालतं."

"मी सांगते," मागून शीला म्हणाली.

"तुम्ही कोण यांच्या?"

बानाबाईची मान गर्रकन फिरली. आता ही बोलणार! इतकी वर्षं गिळलेलं आज सगळ्यांसमोर ओकणार.

"शेजारीण," शीला म्हणाली आणि तिनं आपलं आधार कार्ड पुढं केलं. माहेरच्या नावाचं.

बानाबाईला आतून आनंदाची उकळी फुटली. शेजारीण! स्वतःच्या तोंडानं म्हणाली! घे चूल, घे लेक, घे नातू. घरधन्याची बायको मी एकटी. तिला वाटलं, करुणाला सांगावं, पोरी, हे दोनदा लिहून घे.

शीला मोबाइलसमोर बसली. "ह्या बानाबाई. ह्यांचे मालक..." ती जरा थांबली. "मुंजाबा."

"थोडं मोठ्यानं, मावशी. आवाज नाही आला."

"मुंजाबा," शीला म्हणाली.

नाव सरळ आलं. ना जीभ अडखळली, ना पदर तोंडाकडं गेला. शेवटचं अक्षर तिनं जरासं लांबवलं, शेजारच्या बाजेवरच्या माणसाला हळूच हाक मारावी तसं. नवं भांडं आणि रोज घासलेलं भांडं बाईच्या हाताला कळतं. बानाबाईच्या कानाला तसंच कळलं. मघाची उकळी जागच्या जागी जिरली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"झालं, आजी! पुढच्या महिन्यापासून नव्या योजनेत," करुणा खुशीत म्हणाली. बानाबाईनं तिला हात जोडलेसुद्धा नाहीत.

बाहेर रस्त्याच्या कडेला दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. गाड्यांचा नुसता गोंगाट होता.

"शीले, तू त्यायला नावानं हाक मारायचीस."

शीला गाड्यांकडं बघत राहिली.

"खोटं बोलू नको. लई सवयीचं होतं ते."

"व्हय, आक्का. दोघंच असलो म्हंजी."

"कामून? लाज नाय वाटली?"

"पहिल्यांदा लई वाटली." शीलाचा आवाज बारीक झाला. "पर त्यायनीच सांगितलं व्हतं. म्हणले, माय मेल्यापसून मला नावानं हाक मारणारं घरात कुणी उरलं नाय. तू मारीत जा."

एक रिक्षा समोर येऊन थांबली. दोघींतली एकही हलत नाही हे बघून निघून गेली.

"माय मेली तवा तुझं पाऊलबी नव्हतं घरात," बानाबाई म्हणाली. "मी व्हते. एकटी मीच व्हते."

शीलानं हातातलं आधार कार्ड कमरेला खोचलं.

"मला नाय म्हणले," बानाबाई म्हणाली.