पुलात गेलेली पायरी

जुना पूल पुरात अर्धा वाहून गेला तेव्हा सगळ्यांनी हळहळून घेतलं, आणि मग जो तो पुलाचे दगड उचलून घरी घेऊन गेला. वाहत्या गंगेत हात धुवायला लाज कसली? कुणाचा ओटा झाला, कुणाचा धुण्याचा दगड. शिंपीणमावशीच्या नवऱ्याने दाराला पायरी केली. नवरा गेला, पायरी राहिली.

आता जुन्याच दगडांनी पूल पुन्हा उभारायचा ठरला आणि समितीचे अध्यक्ष दगड मागत दारोदार फिरले. लोक का-कू करत होते. मावशीने मात्र लगेच पायरी उखडून दिली. तिची थोरली बहीण नदीपलीकडे अंथरुणाला खिळलेली. गावाबाहेरच्या नव्या पुलावरून जायचं तर दोन बस बदला. मावशीच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. जुन्या पुलावरून ताईचं घर हाकेच्या अंतरावर.

"ने बाबा," ती गवंड्याला म्हणाली, "पण लवकर बांध. ताईचं काही खरं नाही."

तिचं बघून सगळ्यांनीच दगड दिले. अध्यक्षांच्या बागेतला बाक तेवढा जागचा हलला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! वर्षभर सगळे भांडले ते कुणाचा दगड कुठे दिसणार यावरून. पुलावरून चालू देणार का, हे मेलं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पूल म्हटल्यावर असलं कोण विचारतं?

उद्घाटनाला मावशी ताईसाठी डबा भरूनच गेली. भाषणं झाली, पडदा सरकला, आणि मागे निघालं लोखंडी दार. कुलूप लावलेलं.

"हा फक्त बघायचा, मावशी," अध्यक्ष म्हणाले. "वारसा आहे. पायांनी झिजतो."

"अहो, पण माझी ताई..."

"नव्या पुलावरून जा की!"

"मग माझी पायरी द्या परत!"

लोक हसले. "तो दगड काढला तर कमान खाली येईल," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यावरच तर उभा आहे पूल!" त्यावर टाळ्या पडल्या. मावशीच्या अंगाची नुसती लाही झाली. गजांमधून तिची पायरी दिसत होती, मधोमध झिजलेली.

घरी येऊन ती दाराशी रचलेल्या विटांवर टेकली, तोच फोन वाजला.

"अगं, खिडकीतून दिसतोय पूल!" ताईचा आवाज कधी नव्हे तो टवटवीत होता. "टाळ्यासुद्धा ऐकू आल्या. निघालीस का? मी जेवायची थांबलेय."

मावशीने मांडीवरचा डबा सावरला. "निघतेच गं."

"मग मी पडल्या पडल्या खिडकीतूनच बघत राहते. पुलावर आलीस की हात कर."

"बरं," मावशी म्हणाली.