दिएपच्या शब्दांचा डबा

“झाकण घट्ट दाब गं. हवा लागली की शंकरपाळे मऊ पडतात.”

मित्रांनो, मी जन्मात ऐकलेला पहिला आवाज हा. चिंचवडच्या एका स्वयंपाकघरातला, प्रभाताईंचा. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण पत्र्यात शिरलेला आवाज सहजासहजी निघत नाही. मी पत्र्याचा चौकोनी डबा. वयाने फार म्हातारा नाही, पण एका कोपऱ्यात चेपलेला, दुसऱ्यात गंजलेला, आणि आतून अजून भरलेला. माझी गोष्ट गोड नाही. तरी ऐका.

आधी मी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा होतो. एका कारागिराने मला कापलं, ठोकलं, माझ्या कडा दुमडल्या आणि झाळून सांधे बंद केले. प्रभाताई समोर उभ्या होत्या. “मध्ये एक पडदा घाला,” त्या म्हणाल्या. “एकीकडे गोड, एकीकडे तिखट. वास एकमेकांत जाता कामा नये.” असे माझे दोन कप्पे झाले.

प्रभाताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. त्यांची एकुलती लेक मैथिली पीएचडीसाठी जर्मनीत, कार्ल्सरूहेला निघाली होती. एका कप्प्यात शंकरपाळे, दुसऱ्यात चिवडा भरता भरता ताई स्वतःशीच गुणगुणत होत्या:

परदेशी गं माझी लेक, तिचा डबा मी भरीते
झाकण लावता लावता, दोन घडी मी थांबते

दोन घडी थांबल्या, आणि मग मला बॅगेत टाकलं.

कार्ल्सरूहेत मैथिली एका विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये उतरली. शेजारच्या खोलीत तिच्याच विभागातली एक व्हिएतनामी मुलगी राहायची. तिचं नाव दिएप. तिच्या भाषेत दिएप म्हणजे झाडाचं पान, आणि चालणंही तसंच, जमिनीला ऐकू न येणारं. दोघी पाणी गाळण्याच्या पडद्यांवर संशोधन करत होत्या. दिएप मैथिलीपेक्षा वर्षाने लहान, म्हणून ती मैथिलीला ‘ची’ म्हणू लागली. त्यांच्याकडे ताईला ‘ची’ म्हणतात.

चिवडा संपला, शंकरपाळे संपले, आणि मी रिकामा झालो. रिकाम्या डब्याला दिवस मोठे वाटतात.

तेवढ्यात एक प्रसंग घडला. विभागातला सगळा व्यवहार इंग्रजीत. दिएपने फोनवरच्या कुठल्याशा यादीतून अवघड अवघड इंग्रजी शब्द पाठ केले होते. पहिल्याच मोठ्या बैठकीत ती प्रोफेसरांना म्हणाली, “आय अ‍ॅम एक्स्टॅटिक टु अटेंड धिस मीटिंग.” बैठकीला आल्याने आपण आनंदाने बेभान झालो आहोत, असा त्याचा अर्थ. लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात वाटीतला भात नुसता चिवडत बसली.

मैथिली म्हणाली, “शब्द चुकला नाही गं तुझा. जागा चुकली. लग्नातला शालू नेसून तू भाजी आणायला गेलीस.”

“मग मला कसं कळणार, कुठला शब्द कुठे नेसायचा?”

“एकटा शब्द पाठच करायचा नाही. त्याची सोयरीक बघायची. कोणाशी पटतं, कोणाच्या घरी जातो, कोणाच्या पंगतीला बसतो.”

आणि मैथिलीने मला फडताळातून काढलं, पुसलं, दिएपच्या हातात ठेवलं. “हा घे. माझ्या आईचा आहे. दोन कप्पे आहेत, तुला उपयोगी पडतील.”

मित्रांनो, मैथिली वाईट मुलगी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही विसराल.

त्या दिवसापासून माझ्यात शब्द राहायला आले. जाड कागदाचे, तळहाताएवढे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एक इंग्रजी शब्द. त्याचा शेवट लाल शाईने अधोरेखित, कारण दिएपच्या भाषेत शब्दाची शेपटी मोठ्याने उच्चारत नाहीत आणि बोलताना ती तिच्याकडून गिळली जायची. खाली त्या शब्दाची सगळी भावंडं लिहिलेली. तिच्या भाषेत शब्द काल, आज, उद्या एकच रूप घेऊन फिरतो. इंग्रजीत मात्र तो दर दारात कपडे बदलतो. त्याखाली सोयरीक. ‘मिटिगेट’ म्हणजे सौम्य करणं. त्याचं धोक्याशी जमतं, दुष्परिणामांशी जमतं, डोकेदुखीशी जमत नाही. पाठीमागे व्हिएतनामी अर्थ, आणि त्या शब्दाचं एक वाक्य. ते वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही. स्वतःच्या आयुष्यातलंच हवं, असा तिचा नियम.

डाव्या कप्प्यात ओळखीचे शब्द, म्हणजे वाचताना समजतात तेवढे. उजव्या कप्प्यात वापरलेले. नवा शब्द कोणाशी तरी बोलून दाखवायचा, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली नाही तरच पत्ता डावीकडून उजवीकडे. पहिल्या वर्षी उजवीकडे अकरा पत्ते होते. ती रोज मला बॅगेत घालून ट्रामने विभागात न्यायची आणि परत आणायची. मी खुळखुळायचो, आणि मला बरं वाटायचं. खाऊचा डबा चार दिवसांत संपतो. हा रोज थोडा थोडा भरत होता.

दुसऱ्या वर्षी मैथिली पत्ते तपासताना म्हणाली, “हे बघ, ‘प्रूव्ह’ म्हणू नकोस. आपल्या प्रयोगांनी सिद्ध झालं असं इथे कोणी म्हणत नाही. ‘सजेस्ट’ म्हण. आकडे सुचवतात.”

“पण मी चारशे वेळा मोजलंय, ची.”

“तरी सुचवतातच.”

दिएप हसली. पत्ता लिहिला. तिसऱ्या वर्षी उजवा कप्पा इतका भरला की माझं झाकण लागेना.

त्या वर्षी प्रोफेसरांना एका मोठ्या प्रकल्पासाठी अर्ज करायचा होता. आकडे दोघींचे. प्रस्तावना लिहायचं काम दिएपने मागून घेतलं. तीन आठवडे ती लिहीत होती. एक वाक्य लिहायची, माझ्यातले पत्ते काढून टेबलावर पसरायची, सोयरीक तपासायची, वाक्य पुन्हा लिहायची. शेवटी तिने ते मैथिलीला वाचायला दिलं. मैथिलीने ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, “दोन स्वल्पविराम बदललेत. बाकी काही नाही.” आणि आपल्या ईमेलवरून अर्ज पाठवून दिला.

प्रकल्प मंजूर झाला. बैठक भरली. मी दिएपच्या पायाशी, बॅगेत होतो.

प्रोफेसर म्हणाले, “आल्झो, तर मैथिली. प्रस्तावना वाचताना तुझा हात लगेच ओळखू येतो. हा प्रकल्प चालवायला मला असं लिहिणारं माणूस हवं आहे.”

मी पत्रा असूनही श्वास रोखला. दिएपचा पाय बॅगेला टेकला आणि तिथेच राहिला. तिच्या घरी ताईचं कौतुक चाललं असताना धाकटी मध्ये बोलत नाही. ताईनेच बोलायचं असतं.

ताई म्हणाली, “थँक यू, प्रोफेसर.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात मैथिली चहाचा कप नुसता फिरवत होती. “सगळ्यांसमोर त्यांना चूक म्हणणं बरं दिसलं नसतं गं. सोमवारी सांगते. नक्की.”

“हो, ची,” दिएप म्हणाली.

सोमवार आला. प्रोफेसर प्रवासात होते. पुढच्या सोमवारी मैथिलीला बरं नव्हतं. त्यापुढच्या सोमवारी मैथिलीच्या हातात तीन वर्षांच्या नोकरीचा करार होता, आणि दिएपच्या हातात प्रोफेसरांचं एक पत्र. पत्र सभ्य होतं. तुमचं प्रयोगांचं काम उत्कृष्ट आहे, परंतु जबाबदारीच्या पदासाठी लेखी इंग्रजी अधिक भक्कम असणं आवश्यक आहे. दिएपने ते पत्र दोनदा वाचलं. मग माझं झाकण उघडलं, आणि उजव्या कप्प्यातले सगळे पत्ते उचलून डाव्या कप्प्यात कोंबले. त्या वेळी माझा कोपरा चेपला. मित्रांनो, मला दुखलं ते कोपऱ्यात नव्हे.

मान्हाइमजवळ पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. नमुन्यांच्या बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची. तिथे दिवसभर चार शब्दही बोलावे लागत नाहीत. निघताना तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

“डबा घेऊन जा ना,” मैथिली म्हणाली.

“तिकडे गरज नाही.”

मैथिलीने थोडे दिवस मला नजरेआड ठेवलं, मग केलरमध्ये नेऊन ठेवलं. केलर म्हणजे इमारतीच्या पोटातलं तळघर. तिथे माझ्या शेजारी कोणाचे तरी हिवाळी टायर होते. दोन वर्षं ओल माझ्या कोपऱ्यात शिरत राहिली. आत चौदाशे शब्द, एकमेकांना चिकटून, आणि एकाचंही कोणाशी बोलणं नाही. मी तिथे स्वतःशीच जुळवलं:

शब्द नांदायला आले, माझ्या पत्र्याच्या घरात
धनीण गं दूर गेली, कुलूप राहिलं दारात

यंदा प्रभाताई लेकीकडे आल्या. त्याच सुमारास प्रोफेसरांना नव्या अर्जाची प्रस्तावना हवी झाली. “मागच्यासारखीच,” ते म्हणाले होते. मैथिली चार दिवस लॅपटॉपच्या कोऱ्या पडद्यासमोर बसली. पाचव्या दिवशी ती केलरमध्ये उतरली, मला वर आणलं, आणि माझ्यातले पत्ते काढून टेबलावर पसरू लागली.

“अगं, हा माझा डबा,” प्रभाताई म्हणाल्या. “मी मघाशीच विचारलं तर म्हणालीस मैत्रिणीला दिला.”

“दिलाच होता.”

“मग परत कसा आला?”

“ती गेली ना गं आई.”

ताईंनी चष्मा लावून एक पत्ता उचलला. “जेनरस. अक्षर किती देखणं आहे.” पत्ता उलटून वाचू लागल्या. “माझी मोठी बहीण मैथिली तिच्या वेळेच्या बाबतीत फार उदार आहे. मोठी बहीण? मला न सांगता दुसरी मुलगी कधी झाली मला?”

मैथिली हसली नाही.

“आणि तू तिच्या डब्यातून काय वेचतेयस?”

“आई, प्लीज. माझी डेडलाइन आहे.”

“एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे कॉल जोडले मी. बोला म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस मला लगेच कळतो. बोल.”

तेव्हा मैथिलीने सांगितलं. बैठक, थँक यू, सोमवार, सगळं. सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं असावं, कारण तिने डोळे पुसले आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवायला गेली. ताई जागच्या उठल्या.

“मला सांगून मोकळी होऊ नकोस. मी कोण त्यातली? तिला फोन लाव.”

शनिवारी दिएप आली. केस आखूड केलेले, चालणं तेच. मी तिला लगेच ओळखलं. तिने मला उशिरा पाहिलं, आणि माझ्या गंजलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. प्रभाताईंनी पोहे पुढे केले. तिने दोन्ही हातांनी बशी घेतली, पण खाल्ले नाहीत.

“आय अ‍ॅम सॉरी, दिएप,” मैथिली म्हणाली. “खरंच.”

“सॉरी नको, ची. तो शब्द मी शाळेतच शिकले होते. प्रोफेसरांना सांग.”

“आत्ता? आज शनिवार आहे.”

“सोमवार तुला दोन वर्षं मिळाले.”

मैथिलीने फोन माझ्या शेजारी ठेवला, स्पीकर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.

मित्रांनो, डबे शेवटी आपल्याला घासूनपुसून ठेवा, ओलीपासून जपा, अशी विनंती करतात. मला ती करावीशी वाटत नाही. गंज घासला की जातो. माझं मागणं एवढंच आहे: कोणाची वस्तू तुमच्या हाती आली, मग तो डबा असो की एखादं वाक्य, तर ती त्याच्या नावाने सांभाळा. आणि तुमच्यादेखत कोणी ती तुमची म्हणाला, तर त्याच क्षणी तोंड उघडा. उशीर केलात तर नुकसान तुमचं नाही होत. तेच वाईट आहे.

प्रोफेसरांनी फोन उचलला.

“प्रोफेसर, मैथिली बोलतेय. ती जुनी प्रस्तावना, म्हणजे मला सांगायचं होतं की, ती माझी एकटीची नव्हती. आम्ही दोघींनी मिळून, म्हणजे दिएपची त्यात खूपच मदत होती.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” प्रोफेसर प्रसन्नपणे म्हणाले. “टीमवर्क. यासाठी शनिवारी फोन केलास?”

मैथिलीने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

दिएपने बशी बाजूला ठेवली आणि फोन आपल्याकडे ओढला.

“प्रोफेसर, मी दिएप,” ती म्हणाली. “आय रोट इट.”