फक्त पाच मिनिटं

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. ज्या पंखावर आत्ता मिस्त्रीचे ओले मोजे वाळत पडलेत, तो पंख माझा आहे. मी एक जुनं, दोन आसनांचं, हौशी माणसांनी उडवायचं विमान आहे. आहे म्हणायचं, इतकंच.

एकेकाळी माझाही थाट होता. पांढरा रंग, कडेला निळा पट्टा, नाकावर लखलखता पंखा. पहिली वीस वर्षं मी नवशिक्यांना उडायला शिकवलं. त्यांनी मला जमिनीवर असं काही आदळलं की माझ्या चाकांनी हात टेकले. मग मला चष्मेवाल्यांनी विकत घेतलं. त्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान. सहा दिवस लोकांपुढे बारीक अक्षरांचा तक्ता धरायचा आणि रविवारी सकाळी मला घेऊन वर जायचं, हा त्यांचा नेम. शेजारच्या आसनावर बाई असत, म्हणजे त्यांच्या पत्नी. बाईंना उंचीची भयंकर भीती. तरी त्या यायच्या, डोळे मिटून संत्रं सोलायच्या आणि अंदाजाने फोडी त्यांच्या तोंडापुढे धरायच्या. निम्म्या फोडी माझ्या तळाला पडत. मला त्याचं काही वाटत नसे.

अशी चौदा वर्षं गेली. मग चष्मेवाल्यांचा डावा गुडघा झिजला. चालवणाऱ्याच्या पायाशी माझी दोन पेडलं असतात. डावं दाबलं की मी डावीकडे वळतो, उजवं दाबलं की उजवीकडे. एका रविवारी आडवा वारा होता. उतरताना त्यांनी डावं पेडल दाबलं आणि कळवळून पाय मागे घेतला. मी धावपट्टी सोडून थेट गवतात. कोणाला खरचटलंही नाही, पण बाईंच्या हातातलं संत्रं पार चिरडून गेलं.

"आता पुरे," बाई म्हणाल्या. "आधी गुडघा बदला, मग काय उडायचं ते उडा."

सांधा बदलायचं ठरलं. डॉक्टरांनी आठ महिने उडायचं नाही असं बजावलं. तेव्हा मास्तर आले. हे निवृत्त शिक्षक, फ्लाइंग क्लबातले जुने सोबती, हात अगदी हलका. ते म्हणाले, "मी आठवड्यातून एकदा तासभर फिरवून आणतो याला. बसून बसून गंजेल हो."

चष्मेवाले ताडकन म्हणाले, "माझ्या विमानाला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालणार नाही."

मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मी फुशारलो. कोणीतरी आपल्याला इतकं आपलं म्हणतंय, याची मोठी ऐट वाटली. मूर्ख होतो.

शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच रविवारी बाई एकट्या आल्या. माझ्या चाकांना ठोकळे लावले, आत बसल्या आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून चष्मेवाले एकेक बटण सांगत होते.

"अगं, फक्त पाच मिनिटं चालू ठेव. एक मिनिटही जास्त नको. व्यायामवाली बाई मला काय सांगते? सांधा रोज थोडा थोडा हलवत राहा. यालाही तेच."

"अहो, पण मिस्त्री म्हणत होते..."

"त्याला काय कळतंय! विमान माझं आहे."

क्लबाची विमानं दुरुस्त करणारा हा मिस्त्री काय म्हणत होता ते मी ऐकलं होतं. "वहिनी, एकतर वर उडवा, नाहीतर हातच लावू नका. इंजिन नुसतं कोमट झालं की आत पाणी धरतं. ते जायला आकाशात चांगलं तापावं लागतं." पण बाईंनी ऐकलं नवऱ्याचं. आठ महिने एकही रविवार चुकला नाही. ऊन असो, पाऊस असो, त्या यायच्या, पंखावर हात फिरवायच्या, म्हणायच्या, "चल बाबा, कर तुझा व्यायाम. तिकडे तेही करताहेत." घड्याळ लावून पाच मिनिटं. मग गप्प.

मला ती पाच मिनिटं फार आवडायची. आतून मी कुजत होतो आणि वाट बघत होतो रविवारची.

अखेर तो दिवस उजाडला. डॉक्टरांचा होकाराचा कागद खिशात घालून चष्मेवाले आले. पूर्वी आत चढताना "आई गं" करत दहा वेळा थांबायचे, ते एका झटक्यात चढले. डावं पेडल तळापर्यंत दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. त्यांचे डोळे भरून आले. "बघितलंस?" ते बाईंना म्हणाले, "लोण्यासारखा चालतोय गुडघा!" बाई संत्र्यांची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

इंजिन सुरू झालं. मी जोर लावला आणि माझ्या पोटातून खडखड आली. मिस्त्री धावत आला, मागोमाग मास्तर. "बंद करा, बंद करा!" त्याने तेलाची गाळणी काढून कापली आणि पांढऱ्या फडक्यावर झटकली. फडकं चमचम करायला लागलं. तो माझा झिजलेला धातू होता.

"गेलं," मिस्त्री म्हणाला. "आतून गंजलंय. पाच-पाच मिनिटं चालवून चालवून."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी दर रविवारी..."

चष्मेवाल्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. चार माणसांत आपली चूक कशी कबूल करायची? ते बायकोवर ओरडले, "तुला सांगितलं होतं ना, पुरतं तापू दे म्हणून! एक काम धड होत नाही तुझ्याकडून!"

बाई पिशवी माझ्या पंखावर ठेवून चालत फाटकाबाहेर गेल्या.

मिस्त्री म्हणाला, इंजिन बदलता येईल. त्यावर चष्मेवाले काय म्हणाले असतील? "इतक्या जुन्याला आता नवं घालण्यात काय अर्थ आहे?" चौसष्टाव्या वर्षी नवा गुडघा घातलेला माणूस हे बोलला, मित्रांनो, आणि त्याला हसूही आलं नाही.

आता ते क्लबाचं विमान उडवतात, एकटेच. मिस्त्रीने माझे एकेक भाग काढून इतरांना बसवले. माझं डावं पेडल त्या क्लबाच्या विमानात गेलं. चष्मेवाले परवा म्हणे मिस्त्रीला सांगत होते, "या पेडलाला पाय कसा छान बसतो!" चौदा वर्षं त्यांच्याच बुटाने घासलेलं ते. त्यांनी ओळखलं नाही.

मागच्या महिन्यात बाई एकदा आल्या होत्या. मोजे बाजूला सारून त्यांनी पंखावर हात ठेवला. "घरात रोज ऐकवतात रे," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांपुढेसुद्धा. इतकं ऐकवलं की आता मलाच वाटायला लागलंय, माझंच काही चुकलं असेल. पाचच मिनिटं म्हणाले होते ना ते? तू तर ऐकलंस."

ऐकलं होतं. प्रत्येक शब्द ऐकला होता. पण मला तोंड कुठे आहे?

मित्रांनो, वस्तूंना जपा, तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो. तुम्हाला तोंड आहे. बाजारातल्या त्या चष्म्याच्या दुकानात कधी गेलात, तर काउंटरमागे बसलेल्या बाईंना माझा निरोप द्या. म्हणावं, ते पाच मिनिटंच म्हणाले होते. आणि जरा मोठ्याने सांगा, दुकानात चार माणसं असताना.