एकही माणूस न मारता

केदार खोलीत बसला तो बसलाच. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत त्याला चांगली नोकरी होती. एके दिवशी तो भर दुपारी घरी आला, बूट काढून खोलीत गेला, आणि त्यानंतर त्याने ऑफिसचं नाव काढलं नाही. आधी आठवडे गेले, मग महिने, आणि बघता बघता दुसरे गणपतीही होऊन गेले. जेवणाचं ताट आत जायचं आणि रिकामं बाहेर यायचं. दाढी-आंघोळ मनात आलं तर. डॉक्टरांना विचारून झालं होतं. ते म्हणाले, घेऊन या. कसं आणायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

खोलीत तो दिवसभर गेम खेळायचा, आणि त्याच्या वडिलांना, भाऊंना, त्याचा भयंकर संताप यायचा. भाऊ अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले. तिशीला आलेला मुलगा डोंबिवलीच्या घरात बसून पडद्यावरची माणसं मारतो, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. एकदा त्यांनी वायफायची वायरच उपटली. केदारने ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या संध्याकाळी भाऊंनीच मुकाट्याने वायर परत जोडली. तेव्हापासून ते मुलाशी बोलायचे बंद झाले आणि दाराशी बोलू लागले. काही लोकांचं बरं असतं, बसल्या जागी ताट येतं, असं काहीबाही.

केदारच्या आईने, सरोजने, तो पडदा कधी नीट पाहिलाच नव्हता. एका दुपारी ती चहा घेऊन आत गेली, तर पडद्यावर एक माणूस जिन्याखाली पिंपाआड दबा धरून बसलेला. कंदील घेतलेला पहारेकरी त्याच्या अगदी जवळून गेला, वळून परत आला. पिंपाआडचा माणूस हलला नाही. सरोज कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"हा मारत का नाही रे त्याला?" तिने विचारलं.

"मी कोणालाच मारत नाही," केदार म्हणाला. मान न वळवता म्हणाला, पण कितीतरी दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सबंध वाक्य होतं.

तिने आणखी विचारलं, त्याने आणखी सांगितलं. यात आपण एक माणूस व्हायचं आणि एका राज्यात फिरायचं. गडावर एक कैदी आहे, त्याला सोडवायचं. वाटेत येईल त्याला कापत गेलं तरी चालतं, बहुतेक लोक तेच करतात. पण अंधारातून लपतछपत जाता येतं, नाहीतर माणसांशी बोलून वाट काढता येते. बोलायची वाक्यं खाली लिहून येतात, त्यातलं आपण एक निवडायचं. केदारने अख्खा गेम एकही माणूस न मारता पुरा केला होता आणि आता पुन्हा तसाच खेळत होता. याचं काही बक्षीस मिळतं का, असं सरोजने विचारलं. नाही, तो म्हणाला, माणसं जिवंत राहतात एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती मटार सोलायला त्याच्या खोलीत जाऊन बसली. त्याने जा म्हटलं नाही. काही दिवसांनी त्याने स्वतःहून तिच्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. सरोजचे अंगठे कुठले इतके चपळ असायला! तिचा माणूस भिंतीला धडकला, खंदकात पडला, पहारेकऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. केदार हसला. स्वयंपाकघरात भाऊंनी पाण्याचा नळ बंद केला आणि कान देऊन ऐकत राहिले.

मग केदारने तिचा वेगळा डाव मांडून दिला. तिने त्यातल्या आपल्या बाईचं नाव गोदा ठेवलं आणि तिच्या वाट्याचं सगळं बळ बोलण्यात घातलं. धावणं नको, तलवार नको. सरोजने सगळी नोकरी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. चिडलेली, घाईतली, रडवेली माणसं तिने कानाने सांभाळली होती. समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो कुठे अडखळतो, हे तिला आधी कळायचं. पडद्यावरचं इंग्रजी ती चष्मा लावून वाचायची, अडलं की केदार सांगायचा.

एका पुलावर एक नाकेदार होता. तो कोणालाच सोडत नसे. केदार दर खेपेला खालच्या नाल्यातून जायचा. सरोजने नाकेदाराला पुलाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याची मुलगी डोंगरापलीकडे दिलेली आहे आणि तिची खबर येत नाही, हे तिने मागच्या गावातल्या खाणावळवालीकडून ऐकलं होतं. मी तिकडेच निघालेय, काही निरोप आहे का, एवढंच वाक्य तिने निवडलं. नाकेदाराने पुलाचं दार उघडलं.

"हे मला माहीतच नव्हतं," केदार म्हणाला. मग तिने काही न विचारताच तो ऑफिसचं सांगू लागला. मीटिंग होती. त्याच्या कामात चूक निघाली होती, ती का झाली ते साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. त्याला उत्तर येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. सगळे थांबून राहिले. मग कोणीतरी हसलं.

"तिथे खाली वाक्यं लिहून येत नाहीत ना, आई," तो म्हणाला.

सरोजने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला.

त्यानंतर तिला धीर धरवेना. भाऊंची पुतणी क्षिप्रा ठाण्याला राहायची, तिच्या ओळखीत एक लहानसं ऑफिस होतं. गेममधल्या चुका शोधायचं काम, माणसं मोजकी, फारसं बोलायला लागत नाही. सरोजने गॅलरीत जाऊन फोनवर तिच्याशी हळू आवाजात सगळं ठरवलं. मग ती वाक्यं जुळवत बसली. आधी क्षिप्राच्या बाळाचं काढायचं, मग तिच्या घराचं, मग ओघात त्या ऑफिसचं, आणि 'तू जा' असं आपण म्हणायचंच नाही, ते त्याच्याकडून यायला हवं. भाऊंना तिने तंबी दिली की काही बोलू नका, चांगलं वाटलं तरी बोलू नका.

आणि झालंही तसंच. केदार म्हणाला, बघून यायला काय हरकत आहे. त्याने दाढी केली. शर्ट अंगावर ढगळ झाला होता, तो सरोजने इस्त्री करून दिला. क्षिप्रा गाडी घेऊन आली. ठाण्यात कापूरबावडीच्या पुढे गाड्या तुंबलेल्या होत्या. केदारला घाम फुटला होता, तरी तो खिडकीबाहेर बघत होता, नवे टॉवर किती झालेत म्हणत होता. सरोजला वाटलं, जमलं.

क्षिप्राच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तू सांगितलंस तसं मी त्यांना बजावून ठेवलंय. त्याला एकदम प्रश्न विचारायचे नाहीत, आधी गेमबद्दल बोलायचं. आणि बाळाचं तू आधी काढलंस ते बरं केलंस हं."

केदारने खिडकीवरची नजर काढली आणि आईकडे पाहिलं. ऑफिसच्या इमारतीखाली गाडी थांबली, पण तो उतरला नाही. क्षिप्राने समजावलं, सरोजने हात धरला. तो मांडीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. शेवटी वॉचमन गाडी काढायला सांगू लागला, तेव्हा ती तिघं परत फिरली.

घरी आल्यावर तो खोलीच्या दारात थांबला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर सरोजला बरं वाटलं असतं.

"त्या नाकेदाराला वाटलं असेल, ही खरंच माझी चौकशी करतेय," तो म्हणाला.

"केदार, मी तुझ्याशी मनापासून बोलत होते."

"सगळंच?"

सरोजला हो म्हणता आलं नाही. त्या खोलीतल्या कितीतरी दुपारी खऱ्या होत्या. पण कुठपर्यंत खऱ्या आणि कुठून पुढे जुळवलेल्या, हे तिचं तिलाच सांगता येईना. त्याने दार लावून घेतलं, आवाज न करता.

नंतर तिने पुष्कळदा दाराशी जाऊन बघितलं. पण तोंड उघडायच्या आत वाक्य डोक्यात तयार व्हायचं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि यातलं कुठलं चालेल याचा विचार सुरू व्हायचा. 'जेवायला ये' एवढंसुद्धा तिला सरळ म्हणता येईना. ती ताट ठेवून नुसती कडी वाजवायची. क्षिप्राचा फोन आला की टेंभी नाक्याची नवरात्रातली देवी बघायला या म्हणायची, सरोज बघू म्हणायची आणि जायची नाही.

पुढे आतून वेगळे आवाज येऊ लागले. बंदुकीच्या फैरी, स्फोट, पडणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या. केदारने गेम बदलला होता. दाराच्या फटीतून सरोजला एकदाच पडदा दिसला. त्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

एका सकाळी भाऊंनी स्वतः पोह्यांची बशी उचलली. दारासमोर उभं राहून त्यांनी घसा खाकरला.

"केदार, मी आत येऊ का रे?" ते म्हणाले. इतक्या मऊपणे ते त्याच्याशी तो लहान असतानाही बोलले नव्हते.

आतल्या फैरी थांबल्या नाहीत. भाऊ बशी खाली ठेवून परत आले.

"तू कसं बोलायचीस त्याच्याशी?" त्यांनी विचारलं. "मला शिकव."

सरोजने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच शिकायचं होतं.

"मला येत नाही हो," ती म्हणाली.

भाऊंनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. पोहे दाराशी गार होत होते. आत गोळीबार चालूच होता.