अर्धा गड्डा

ठमीनं वाळलेल्या गवताचा बुंधा कवेत घेतला, कोयता मारला आणि पेंढी गुडघ्याखाली दाबून सुतळी आवळली. पलीकडे तिची थोरली बहीण वजनकाट्याजवळ स्टूल टाकून बसली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वाकायचं काम दुसऱ्यांचं आणि चुका काढायचं आपलं, अशी ताईनं सरळ वाटणी करून टाकली होती.

"बुडाशी काप. खुंट केवढे ठेवतेस."

"आमच्याकडे एवढेच ठेवतात."

"तुमच्याकडे सगळंच उंच," ताई म्हणाली आणि पुन्हा काट्याकडे बघू लागली.

यात टोमणा होता की नुसतंच बोलणं होतं, ते ठमीला कळेना. गेली पंचवीसेक वर्षं ताईचं प्रत्येक वाक्य तिला असंच उलटंपालटं करून बघावं लागत होतं. कापणीला हातभार लावायला येते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. खरं कारण पिशवीच्या तळाशी होतं, घडी घातलेलं एक रिकामं गोणपाट. ते बाहेर काढायचा धीर सकाळपासून होत नव्हता.

डोंगरावरच्या या गवत संशोधन केंद्रात हे गवत जेमतेम छातीपर्यंत वाढायचं. थंडीची चाहूल लागली की पिवळं पडायचं, अंगातला सगळा कस मुळांत उतरवून उभ्याउभ्या वाळायचं. हिवाळा सरता सरता ते कापून बॉयलरला द्यायचं. ठमीचं केंद्र खाली, उन्हाच्या सपाट मुलखात. तिथं हेच गवत दोन पुरुष उंच जायचं आणि वर्षभर हिरवं राहायचा हट्ट धरायचं. दोन्ही एकच आहेत, हे पाहुण्यांना सांगूनही पटत नसे. एकच म्हणजे अगदी एकच, मुळांच्या एका गड्ड्याचे दोन तुकडे.

गड्डा नानांचा, दोघींच्या वडलांचा. उष्ण मुलखातलं एक उंच गवत आणि थंडीतलं एक चिवट गवत यांचा त्यांनी संकर केला, आणि झालं ते खेचरासारखं झालं. ताकद दोघांची, पण पोटी संतान नाही. बी धरतच नाही. जगवायचं तर गड्डा खणून, फोडून पुन्हा लावायचा, एवढा एकच मार्ग. कोळशाऐवजी गवत जाळा, एकदा लावलं की वीस वर्षं बघायला नको, असं नाना सांगत तेव्हा लोक तोंडावर मान डोलवत आणि पाठ वळली की हसत. शाळेत मुली विचारायच्या, तुझे वडील काय करतात गं? ताई मान ताठ ठेवून सांगायची, गवत लावतात. ठमी सांगायची, इंजिनिअर आहेत.

नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांचा प्लॉट नांगरला जाणार होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा गड्डा काढला, पहारीनं मधोमध फोडला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून एकेक तुकडा एकेकीच्या हातात दिला. दोघींनाही नुकत्याच या दोन केंद्रांत नोकऱ्या लागल्या होत्या. "एक थंडीला, एक उन्हाला," नाना म्हणाले. "आणि प्लास्टिकात कधी गुंडाळू नका. त्यालाही श्वास लागतो." मग तिघं पायरीवर बसून, हात न धुताच चहा प्यायले. त्या मातीचा वास ठमीला अजून आठवत होता. तसा चहा पुन्हा कधी मिळाला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ताई तिच्याकडे आली होती, चांगली आठवडाभर राहायला म्हणून. पहिल्याच रात्री जेवताना ठमीची जीभ घसरली. माझं छपराच्या वर गेलंय, तुझं अजून रांगतंय का, असं ती हसत हसत बोलून गेली. ताटातली नजर न काढता ताई म्हणाली, बरं आहे. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना, चहालासुद्धा न थांबता ती निघून गेली. ठमी खिडकीशी आली तेव्हा टॅक्सीवाला ताईची बॅग दोन्ही हातांनी उचलत होता, आणि ताईच्या अंगात, त्या उबदार सकाळी, एकावर एक दोन स्वेटर होते.

आपल्या जिभेनं बहीण घालवली, हे ठमीच्या मनातून कधी गेलं नाही. पुढं फोन होत राहिले, पण हवापाण्याचे. तुमच्याकडे थंडी किती. आमच्याकडे रानडुकरानं ओळ उकरली. कुंपण घातलंस का? घातलं. नाना गेले तेव्हाही दोघी शेजारी शेजारी बसून भेटायला आलेल्यांशीच बोलल्या.

दुपारी कापणारी माणसं जेवायला गेली. ताईनं डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवला. ठमीनं घेतलेला घास हातातच राहिला.

"ताई, माझ्याकडचं गेलं."

मग तिनं सगळं सांगितलं. केंद्राला त्या जागेवर इमारत हवी होती. तिनं स्वतः उभं राहून गड्डे काढून घेतले आणि झाडाखाली ढीग लावला. नवी जागा मिळायला उशीर होत गेला, ऊन आग ओकत होतं, म्हणून ओल टिकावी या धास्तीनं तिनं ढीग झाकला. उघडला तेव्हा आतून वाफ आली. हात घातला तर नुसता लगदा.

"कशानं झाकलास?"

ठमीनं नजर डब्याकडे वळवली.

"प्लास्टिक," ताई म्हणाली.

तेव्हा ठमीला रडू आवरेना. उभी हयात या गवतात घातली आणि नानांनी सांगितलेली एकच गोष्ट विसरले, आता त्यांचं जे काही उरलंय ते तुझ्याकडेच, असं ती हुंदके देत म्हणाली. गोणपाट काढून तिनं मांडीवर ठेवलं. कधीकाळी मारलेली बढाई तिला आता घासाबरोबर गिळावी लागत होती.

ताई गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि पहार घेऊन ओळीच्या टोकाशी गेली. ठमी कुदळ घेऊन मागे धावली. दोघींनी मिळून एक गड्डा मोकळा केला. ताईनं त्याच्यावरची माती हातानं झाडली.

"नानांनी मला दिला, तो हा नाही," ती म्हणाली. "तो पहिल्याच थंडीत मेला. लावायला उशीर केला मी, वर पेंढा पसरायचा तोही पसरला नाही. थंडी सरली तरी एक कोंब वर आला नाही. नानांना सांगायची छाती नव्हती. तुला सांगायला म्हणून आले होते."

ठमीनं कुदळ खाली ठेवली.

"आणि तू विचारलंस, रांगतंय का."

"मग?" ठमीनं विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला ती दोन हातांनी उचललेली बॅग दिसली.

"मग अंधारात उठून तुझ्या ओळीतला शेवटचा खणला. बॅगेत मावेना, म्हणून स्वेटर अंगावर चढवले. चहाला थांबले असते तर तू तोंड बघूनच ओळखलं असतंस." ताईचा आवाज बारीक झाला. "तेव्हापासून तुझा फोन आला की चोरासारखं वाटायचं."

ठमी मातीतच बसली. तो खड्डा रानडुकराचा समजून तिनं साहेबांशी भांडून कुंपण मिळवलं होतं, दरवर्षी तारा ताणून घेतल्या होत्या, आणि ताई नेमानं त्याची चौकशी करत आली होती. रागवावं की हसावं ते तिला कळेना. इतकी वर्षं आपण बोललो नाही, याचं मात्र तिला फार वाईट वाटलं.

"म्हणजे हे सगळं माझंच?" तिनं प्लॉटाकडे हात केला.

"नानांचं," ताई म्हणाली.

तिनं पहार गड्ड्याच्या मध्यावर धरली, मग थोडी आपल्या बाजूला सरकवली आणि घाव घातला. मोठा तुकडा ठमीकडे पडला. ठमीनं तो गोणपाटात गुंडाळून वर पाणी शिंपडलं.

"कुठं लावशील?"

"घरामागं. डोळ्यांसमोर राहील."

"कुंपण घाल," ताई सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"नाही घालणार," ठमी म्हणाली. "आणि डुकराला सांग, या खेपेला चहाला थांब म्हणावं."

ताईनं थर्मास जवळ ओढला. दोन्ही पेल्यांना मातीची बोटं उमटली. पाण्याची बाटली शेजारीच होती, पण हात धुवायचं कुणी नाव काढलं नाही.