आंजीच्या रस्त्यावरचा मारुती

आंजीचा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा खोदकामावर नजर ठेवायला पुरातत्त्ववाल्यांनी रीताला पाठवले. म्हणजे जेसीबीच्या मागे उन्हात उभे राहायचे आणि मातीत काही जुने दिसले की ओरडायचे. तिच्या ओरडण्याला भीक कोण घालणार! काम थांबवायचा अधिकार नागपूरच्या साहेबांना, आणि साहेब सोमवारशिवाय हलायचे नाहीत.

शुक्रवारी चरात विटांची भिंत लागली. हातभर लांब, जाडजूड, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या विटा. नोकरीत पहिल्यांदाच तिला स्वतःला काही सापडले होते. ती मशीनला आडवी गेली.

"हटा मॅडम," जेसीबीवाला चंद्रभान म्हणाला, "ठेकेदार मले घरी बसवते."

रस्त्याकडेला वांगी विकणाऱ्या मंदाबाई हे पाहत होत्या. भिंतीवर एक घडीव दगड होता. वर्ध्यात वाढलेल्या रीताला एकदम सुचले. ती मंदाबाईंच्या कानाशी लागली, "मावशी, त्या गोट्याले शेंदूर लावता का?"

मंदाबाईंनी तेल-शेंदूर आणून दगड माखला. चंद्रभानने मशीन बंद केले, चपला काढल्या, हात जोडले. ठेकेदारानेही काम सोमवारवर ढकलले. रीता स्वतःवर भलतीच खूश झाली.

"सोमवारपर्यंत लक्ष ठेवजा, मावशी."

"बिनघोर जा पोरी. देवाले कोन हात लावते?"

सोमवारी ती साहेबांना घेऊन आली, तर लांबूनच भगवा झेंडा दिसला. मारुती छातीइतक्या उंच, नव्याकोऱ्या ओट्यावर बसला होता. भिंतीच्या जागी नुसता खड्डा. रीता वेड्यासारखी ओट्याभोवती फिरली. सिमेंटमधून त्याच हातभर विटा डोकावत होत्या.

"अख्खं गाव राबलं," मंदाबाईंचे डोळे भरून आले. "देव का मातीत ठेवाचा? अन् इटा बाहेरून नाई आणल्या. त्याच्याच घरच्या काढल्या. एकबी वाया नाई जाऊ देली."

साहेबांनी खड्ड्यात पाहिले. "इथे काय आहे? ओट्याला वळसा घाला आणि काम सुरू करा." मारुतीला नमस्कार करून ते जीपमध्ये जाऊन बसले.

रीताला साहेबांचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हुशारीचा.

"देव पयले हिलेच दिसला बरं!" मंदाबाई कौतुकाने ओरडल्या. बायका एकेक करून तिच्या पाया पडू लागल्या. रीताला रडू आवरेना, तशी तिची भक्ती त्यांना आणखीच पटली.