मऊ मातीची बाजू

त्रिवेणीने ब्रेक दाबला तो जरा उशिराच, आणि स्कूटर तिच्यासकट बदामाच्या आळ्यात आडवी झाली. सहावीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, अजून जमलं नाही!" सगळे एका सुरात ओरडले. कुणी पडलं की असंच म्हणायचं, हे त्यांना शिकवलेलं होतं.

"हौ रे बाबांनो, अजून नाही जमलं," साडीवरची ओली माती झटकत ती म्हणाली.

तिचे यजमान हिम्मतराव स्कूटरचं कॅरिअर धरून मागे धावत होते, ते जागच्या जागी थांबले. हिम्मतरावांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग स्कूटरकडे, मग आळ्याकडे.

"इंजिन बंद कर आधी," एवढंच म्हणाले.

जामबागच्या त्या मराठी शाळेत या वर्षी नवं वारं शिरलं होतं. हायटेक सिटीतल्या कुठल्याशा कंपनीकडून एक प्रशिक्षणवाली मुलगी लॅपटॉप घेऊन आली आणि सांगून गेली, की हुशार आणि ढ असं काही नसतं, प्रयत्नाने सगळं वाढतं. मुलांना 'येत नाही' म्हणू द्यायचं नाही, 'अजून येत नाही' म्हणवायचं. शिक्षकांनीही आपल्याला न येणारी एक गोष्ट वर्गासमोर शिकायची. पोरांना मोठी माणसं पडताना दिसली पाहिजेत. मुख्याध्यापिका कुसुमताईंनी हे फारच मनावर घेतलं. त्या स्वतः पेटी शिकायला बसल्या, तेव्हापासून मधल्या सुट्टीत शाळेमागच्या गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं.

त्रिवेणीची गोष्ट मात्र वर्गानेच ठरवली. पुढच्या बाकावरची निशिगंधा उभी राहून म्हणाली होती, "बाईंना स्कूटर येत नाही. काका रोज सोडतात!"

सोडत होते खरं. हिम्मतरावांनी जिथे जन्म घालवला ते सुलतानबाजारातलं कापडाचं दुकान बंद झालं, तेव्हापासून त्यांचा दिवस दोनच खुंट्यांवर टांगलेला होता. सकाळी बरकतपुऱ्याहून त्रिवेणीला शाळेत सोडायचं, संध्याकाळी घ्यायला यायचं. तेवढ्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालत, सीट पुसत, आरशावर फुंकर मारून तो लख्ख करत. मधला वेळ कसा काढता, हे तिने कधी विचारलं नाही.

मग हिमायतनगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत काचबिंदू सांगितला. बाजूची नजर जात चाललीय. गेली ती परत येत नाही, उरलीय ती थेंब घालून टिकवायची. गाडी चालवणं बंद. हिम्मतराव डॉक्टरांना "हौ, हौ" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे.

"अहो, मी ऑटोने जाईन ना."

"कायकू? अजून दिसतंय मला. आणि तुला कुठे येतेय चालवायला?"

त्रिवेणीला येत नव्हतं, हे खरं. म्हणजे, तेव्हा नव्हतं.

शाळेचं हे खूळ निघालं तेव्हा सगळ्यांत खूश झाले ते हिम्मतराव. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की ते मैदानात हजर. घरी जेवतानासुद्धा ताटातली भाकरी फिरवून वळण कसं घ्यायचं ते दाखवत. इतकं बोलताना तिने त्यांना दुकान बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि परवा काचीगुड्याच्या चौकात डावीकडून ढकलत आणलेली पेरूची बंडी आली. अख्ख्या चौकाला ती दिसत होती. पेरू रस्ताभर झाले, मागे बसलेल्या त्रिवेणीचा गुडघा सोलवटला. हिम्मतराव बंडीवाल्यावर ओरडले, "अंधा है क्या रे!" आणि ओरडता ओरडता गप्प झाले. मग खाली बसून पेरू वेचायला लागले. हाताशी पडलेला पेरू त्यांना सापडत नव्हता.

"काका, तुम्ही पकडूनच ठेवता," निशिगंधा आता म्हणत होती. "सोडा की बाईंना. पडू द्या!"

"तुम्ही सगळे जा बघू, पाणी पिऊन या," हिम्मतराव म्हणाले.

पोरं टाकीकडे पळाली. हिम्मतरावांनी स्कूटर उभी केली, हँडलवरची माती रुमालाने पुसली.

"गुडघा?"

"बरा आहे."

"कधीपासून येतेय तुला?"

"काय?"

"चालवायला."

त्रिवेणी हातावर लागलेली माती नखाने खरवडत राहिली.

"दर शनिवारी बदामाच्याच आळ्यात पडतेस," ते म्हणाले. "माळी पाणी घालतो, तिथली माती मऊ. फरशीकडे एकदा तरी पडायचं होतंस."

"अहो, काहीतरीच तुमचं."

"बाजूचं दिसत नाही मला, त्रिवेणी. समोरचं दिसतं."

कोपरात अडकवलेलं आपलं हेल्मेट त्यांनी काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. पट्ट्याचं टोक त्यांच्या बोटांना सापडेना. तिने हनुवटी वर करून धरली. तशीच धरून ठेवली.

"सीट मी पुसत जाईन सकाळी," पट्टा लागल्यावर ते म्हणाले.

पोरं परत आली तेव्हा स्कूटर मैदानाला फेरी घालत होती. बदाम आला, बदाम गेला. कुणी टाळी वाजवली नाही. जमल्यावर काय म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"मग पुढच्या शनिवारी काका येणार नाहीत?" निशिगंधाने विचारलं.

घरी निघताना हिम्मतराव मागच्या सीटवर बसले. इतकी वर्षं त्रिवेणीने त्यांचा खांदा धरला होता. आपण काय धरायचं, हे त्यांना पटकन कळेना. शेवटी एक हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला.

कोठी भागातल्या गर्दीत पहिला गतिरोधक आला तशी ती बोटं मिटली, ब्रेकवर मिटावीत तशी. तिने ब्रेक दाबला. पुढे बस दिसली, बोटं मिटली, तिने ब्रेक दाबला. कधीकधी गरज नव्हती, तरी दाबला. मागून एक बाइकवाला हॉर्न वाजवून वैतागला.

काचीगुड्याच्या चौकात डावीकडून एक ऑटो तिच्या कोपराला घासेल इतका जवळून घुसला. खांद्यावरची बोटं सैल होती. तिने करकचून ब्रेक दाबला. बोटं मिटली, पण ब्रेक लागल्यानंतर.

"काय झालं?"

"काही नाही. खड्डा होता."

ऑटो पुढे निघून गेला.

"हौ," हिम्मतराव म्हणाले. "दिसला मला."